चार्जर कोणी काढला?

आदल्याच आठवड्यात मी घरातल्या इस्त्रीची वायर बदलली होती आणि इस्त्री चक्क तापली होती. माणूस बिघडायला एवढं यश पुरतं. त्यामुळे त्या संध्याकाळी लॅपटॉप सुरू होईना, तेव्हा 'दुकानात कशाला न्यायचा, आपणच उघडून बघू' असा एक छोटासा निर्णय मी घेतला. (मोठे निर्णय आमच्याकडे बायको घेते. छोटे माझ्याकडे असतात आणि ते निस्तरण्याचं काम पुन्हा तिच्याकडे.)

लॅपटॉप आमच्या लेकीचा. नोकरी लागली तशी ती दूर गेली, इतकी दूर की आम्ही रात्रीचं जेवायला बसतो तेव्हा ती आंघोळीला निघालेली असते. जाताना तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि हा जुना, आम्हा दोघांची वेगवेगळी नावं आणि पासवर्ड घालून, स्वतःच्या खोलीतल्या टेबलावर आमच्यासाठी ठेवला. "दोघं वापरा, पण नीट वापरा," असं बजावलं. त्यातला 'नीट' तिनं माझ्याकडे बघून म्हटला होता.

लेक पहिल्यापासून कडक. मी ऑफिसात आवक-जावक टेबलाचा कारकून. इतकी वर्षं झाली तिथं, की साहेब येतात आणि जातात, मी त्यांची आवक-जावक बघत बसतो. त्यांची मला कधी भीती वाटली नाही. खरे साहेब घरी होते. "बाबा, ओला टॉवेल पलंगावर?" "बाबा, दिवा चालू ठेवून कुठं निघालात?" "बाबा, गोळी घेतली का? घेतली म्हणजे खरंच घेतली का?" दिवसभर ही सरबत्ती. बायकोनं माझ्या बाबतीतली आशा फार पूर्वीच सोडलेली असल्यामुळे ती सुधारणेच्या भानगडीत पडत नसे. ते खातं पूर्णपणे लेकीकडे होतं.

ती निघाली त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांदेखत मी मोठ्यानं म्हणालो, "चला, सुटलो एकदाचा! आता टॉवेल वाट्टेल तिथं टाकीन!" सगळे हसले. लेकही हसली. तिला पोचवून घरी आलो, आंघोळ केली आणि टॉवेल खरोखरच पलंगावर टाकला. मग तिथंच उभा राहिलो. कोणी काही बोललं नाही. बराच वेळ उभा राहून शेवटी मीच तो उचलून दोरीवर टाकला. त्यात काही मजाच उरली नव्हती.

तुम्ही म्हणाल, फोन असतो की. असतो ना. दर रविवारी न चुकता येतो. पण फोनवरची लेक निराळी. ती माझ्याशी इतकं गोड बोलते, की आपण कुणाच्या तरी लांबच्या काकांच्या जागी चुकून बोलतोय असं मला वाटतं. एकदा मी मुद्दाम डिवचून पाहिलं.

"अगं, परवा मी छत्री बसमध्ये विसरलो."

"असू दे हो बाबा, होतं असं कधी कधी."

"आणि गोळी घ्यायची राहिली दोन दिवस."

"जपा हं बाबा. आईला सांगत जा आठवण करायला."

"आणि गॅस चालू ठेवून बाहेर गेलो होतो!" (हे साफ खोटं. पण माणूस किती खाली उतरू शकतो ते बघा.)

"अरे बापरे. पण काही झालं नाही ना? मग झालं तर. काळजी घ्या बाबा."

फोन ठेवल्यावर मला भडभडून आलं. जिच्या तोंडून 'काळजी घ्या' असं पाहुण्यासारखं निघतं, ती मुलगी आता खरंच परदेशी राहते हे मला त्या दिवशी कळलं. रागवायला माणूस हाताशी लागतो. लांबून कुणी कुणावर रागवत नाही.

अशात एके संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिच्या खोलीत लॅपटॉपवर बातम्या वाचत बसलो होतो. चार्जर लावायचं भान नव्हतं. आणि एकदम खोलीत आवाज घुमला:

"बाबा! चार्जर! किती वेळा सांगायचं?"

मी ताडकन उभा राहिलो. "हो हो, लावतो," असं म्हणालोसुद्धा. (लॅपटॉपला.) मग लक्षात आलं, बॅटरी उतरली की इतरांचे लॅपटॉप नुसते टुंग करतात, आमच्या कार्टीनं त्या जागी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. आणि काय आवाज! 'किती' वर असा जोर, की शेजारच्या माणसानंही आपला चार्जर लावावा. मी चार्जर लावला. थोडा वेळ बसलो. मग चार्जर काढला.

"बाबा! चार्जर! किती वेळा सांगायचं?"

लावला. काढला. लावला. काढला. नाटकात आवडत्या गाण्याला वन्स मोअर देणारे रसिक असतात ना, तसं माझं झालं. पुढं तो नेमच पडला. ऑफिसातून यायचं, चहाचा कप घेऊन खोलीत जायचं, बॅटरी उतरेपर्यंत बातम्या वाचायच्या आणि मग मनसोक्त बोलणी खायची. दिवसभर कुणीतरी आपलं म्हणून रागावलेलं नसलं की चुकल्या-चुकल्यासारखं होतं. ती भूक तिथं भागायची. बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. 'सुटलो एकदाचा' असं जगजाहीर म्हणून बसलेला माणूस लॅपटॉपकडून बोलणी खातो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी दार लावून घ्यायचो.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. मी शेवटी चार्जर नीट लावून उठायचो, पण दुसऱ्या दिवशी बघावं तर तो काढलेला. बायको शाळेत गणित शिकवते. पहाटे उठून ती याच लॅपटॉपवर प्रश्नपत्रिका काढते. मी विचारलं, "चार्जर कोणी काढला?"

"मी कशाला काढीन? तुम्हीच काढला असेल."

"मी लावून उठलो होतो."

"मग भुतानं काढला. आणि तुम्ही रोज दार लावून आत करता काय?"

"बातम्या वाचतो."

"दार लावून?"

"बातम्याच तशा असतात हल्ली."

ती माझ्याकडे वर्गात पाठीमागच्या बाकाकडे बघावं तशी बघत राहिली आणि विषय तिथंच मिटला.

तर त्या संध्याकाळी चहा घेऊन खोलीत गेलो, बटण दाबलं, आणि काही नाही. चार्जर लावला. लॅपटॉपवरचा बारका दिवाही लागेना. प्लग बदलला. चार्जरच्या खोक्याला फुंकर मारली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "बटण बराच वेळ दाबून धरा, मग सोडा." मी अंगठा दाबून डोळे मिटून बसलो. तेवढ्यात बायको आत आली.

"काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "नाडी बघतोय."

ती गेली आणि मी शिलाई मशीनच्या डब्यातला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून घाम फुटतो. स्क्रू निघाले, ते वाटीत ठेवले. खालचं झाकण भाजी चिरायच्या सुरीनं उचकटलं. आत हिरवी पाटी, तिच्यावर गावाच्या नकाशासारख्या बारीक बारीक गल्ल्या. कुठं काही जळलेलं दिसेना. मग आणखी स्क्रू काढले, दोन-चार वायरी सोडवल्या आणि पाटी हातात आली. मदरबोर्ड म्हणतात तो हाच, असं मला मागाहून कळलं. तो हातात धरून मी उजेडात उलटसुलट करतोय, इतक्यात बाहेर पावलं वाजली. घाबरून मी तो पलीकडच्या धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात, माझ्या शर्टाच्या घडीत सारला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

बायको आली आणि तिनं तो गठ्ठा उचलला. म्हणाली, "इस्त्री करून टाकते. तुम्ही दुरुस्त केलीय ना, बघू तरी."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य ऐकून माझी छाती फुगली असती. ती एकेक कपडा इस्त्री करत गेली आणि मी उलटं धरलेलं वर्तमानपत्र वाचत गेलो. पाचव्या की सहाव्या शर्टाला ती म्हणाली, "या शर्टाला एवढा स्टार्च कुणी केला?" आणि घडी झटकली. मदरबोर्ड फरशीवर पडला.

बायकोनं तो उचलला. रिकाम्या लॅपटॉपकडे पाहिलं. आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. पण काहीच कोसळलं नाही. वर पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बिघडला?" तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"सुरूच होईना. म्हणून मी जरा..."

"सगळं गेलं का आतलं?"

"काय होतं त्यात तुझं?"

"प्रश्नपत्रिका," ती म्हणाली. "चला, दुकानात चला. आत्ताच्या आत्ता." आणि इस्त्री तशीच सोडून चपला घालू लागली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती माझ्याआधी तयार झाल्याचं मला आठवत नाही.

बाजारातल्या गल्लीत दुरुस्तीचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. कपाळावर भिंग, हातात चिमटा आणि स्वतःबद्दल अफाट विश्वास. आम्ही पिशवीतून एकेक भाग काढून काउंटरवर मांडले. बोर्ड, झाकण, स्क्रूंची वाटी.

"ही वाटी घरची का?" ताईंनी विचारलं.

"हो."

"आणि हे सुरीचे वळ?"

"तेही घरचेच," बायको म्हणाली.

"काही काळजी करू नका. नुसती रॅम हलली असणार. एका मिनिटात उठवते." ताईंनी एक पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. काही झालं नाही. "मग बटणच गेलं असणार." बटणही शाबूत निघालं. "चार्जर तर नक्कीच गेलाय," म्हणून त्यांनी मीटर लावला, तर चार्जर ठणठणीत. तीन निदानं पडल्यावरही त्यांचा आवाज काही खाली आला नाही. "म्हणजे मी पहिल्यापासून म्हणत होते तेच," त्या म्हणाल्या. "बोर्ड शॉर्ट आहे."

मग त्यांनी बोर्ड भिंगाखाली घेतला आणि ज्या भोकात चार्जर जातो तिथं बोट ठेवलं. "हे काय केलंय? एसटी स्टँडवरचा नळ परवडला. आतली पिन खिळखिळी होऊन ठिणग्या उडाल्यात. चार्जर दिवसातून कितीदा काढता-घालता?"

"मी? छे!" मी म्हणालो.

"मी तर हातही लावत नाही," बायको म्हणाली.

"बरं. मग भुतानं केलं," ताई म्हणाल्या. (हे भूत आमच्या पाठोपाठ दुकानापर्यंत आलं होतं.) "हे बघा, शहाणपणाचं सांगते. यात जीव घालण्यापेक्षा नवा बोर्ड टाका. लॅपटॉप नव्यासारखा चालेल. फक्त याच्यात सगळी साठवण बोर्डावरच चिकटवलेली असते, म्हणजे आतलं जुनं जे असेल ते जाईल. टाकू का नवा?"

"नाही!" मी ओरडलो.

आणि अगदी त्याच क्षणी, त्याच पट्टीत, बायकोही ओरडली, "नाही!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं असेल तेवढंच. घाईनं मी म्हणालो, "ऑफिसची महत्त्वाची कागदपत्रं आहेत." ती म्हणाली, "वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आहेत." ताईंनी दोघांचे चेहरे पाहिले आणि म्हणाल्या, "एवढा जीव तर लोक आवडत्या माणसासाठी टाकत नाहीत. बसा त्या बाकावर. प्रयत्न करते, पण खात्री देत नाही."

आम्ही बाकावर बसलो. समोर दोरीला बिघडलेल्या माऊसांच्या शेपट्या लोंबत होत्या.

"प्रश्नपत्रिका काय, परत काढता येतील ना?" मी म्हटलं.

"येतील की. तुमची कागदपत्रंही ऑफिसात असतीलच ना?"

"असतीलच."

"मग एवढं कशाला तोंड पाडून बसलात?"

"तू का बसलीस?"

ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मला वाटलं, आता सांगून टाकावं. की मला त्या कार्टीची फार आठवण येते गं. की मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सुटलो म्हणालो, तेव्हापासून अडकूनच बसलोय. की आता माझ्यावर रागावणारं एवढं एकच यंत्र उरलं होतं घरात आणि तेही मीच मारलं. हे सगळं ओठांवर आलं आणि प्रत्यक्षात मी म्हणालो, "माऊस पुष्कळ आहेत नाही यांच्याकडे?"

"हो," ती म्हणाली. "पुष्कळ आहेत."

तेवढ्यात ताईंनी हाक मारली. "या, गंमत दाखवते." त्यांनी बोर्डाला दोन बारीक वायरी लावल्या आणि वीज सोडणारं एक बटण किंचित फिरवलं. मग कापसाच्या बोळ्यानं सगळ्या बोर्डावर स्पिरिट पुसलं. "आता नीट बघा. जिथं शॉर्ट असेल तो भाग तापतो, आणि तिथलं ओलं सगळ्यांत आधी वाळतं." आम्ही तिघं डोक्याला डोकी लावून त्या पाटीवर वाकलो. मला त्यात काही कळत नव्हतं, तरी मी डोळ्यांत प्राण आणून बघत होतो. सगळी पाटी ओली चकचकीत. आणि एका कोपऱ्यात, तिळाएवढा एक भाग हळूच कोरडा पडला.

"सापडला!" बायको म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं होतं, हे तिला बहुतेक ठाऊक नसावं.

"हा कपॅसिटर," ताई म्हणाल्या. "एवढासा आहे, पण हाच सगळी वाट अडवून बसला होता." चिमट्यानं त्यांनी तो तीळ उचलला, त्या जागी दुसरा ठेवला, मग चार्जरचं ते खिळखिळं भोक काढून नवं बसवलं. धुराची बारीक रेघ वर गेली. बोर्ड परत बसवला, वायरी जोडल्या. चार्जर लावला.

बारका दिवा लागला.

पंखा घरघरला, पडदा उजळला. मी 'हुश्श' केलं.

"झाकण लावते," ताई म्हणाल्या आणि वाटीतले स्क्रू मोजले. "एक स्क्रू कमी आहे."

"यांचा तो पहिल्यापासूनच कमी आहे," बायको म्हणाली. तिचा आवाज परत मूळपदावर आला होता आणि मला इतकं बरं वाटलं की मी हसलोही.

"आता कोणीतरी आपल्या नावानं उघडा. बॅटरी पकडतेय का तेवढं बघू," ताई म्हणाल्या. मी पुढं होऊन माझा पासवर्ड टाकला. बॅटरीत जेमतेम चार टक्के भरले होते. ताईंचा हात चार्जरकडे जाताना मला दिसला. मी "थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी तो काढला होता.

"बाबा! चार्जर! किती वेळा सांगायचं?"

सगळ्या दुकानात आवाज घुमला. ताई दचकून मागं सरल्या. त्या तिळाच्या जागी मलाच चिमट्यानं उचलून बाजूला ठेवावं असं वाटलं. आता बायको हसणार, गावभर करणार, या तयारीनं मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

"ही तुमची कागदपत्रं होय?" ती म्हणाली.

"फोनवर ती रागावतच नाही गं," मी म्हणालो. "मी गॅस चालू ठेवला सांगितलं तरी नाही. फार आठवण येते तिची. तुला हसायचं तर हस."

"हसते कशाला?" तिनं पदरानं डोळे टिपले. "पहाटे मीही तेच करते. लावते, काढते. लावते, काढते. तुम्ही ऐकाल म्हणून दार लावून घेते."

"म्हणजे चार्जर तू काढायचीस!"

"सकाळी मी. संध्याकाळी तुम्ही."

"सापडलं तुमचं भूत," ताई म्हणाल्या. "जोडीनं फिरतंय."

मी बायकोला विचारलं, "पण ती तर 'बाबा' म्हणते. तू माझीच बोलणी ऐकत बसायचीस?"

"छे. माझ्या नावानं उघडलं की मला निराळं म्हणते."

"निराळं? काय म्हणते?" मला खरंच हेवा वाटला. इतके दिवस तो राग फक्त माझा, असं मी धरून चाललो होतो.

बायको पुढं झाली, चार्जर परत लावला आणि माझं नाव बंद करून तिनं आपलं उघडलं. दुकानात आम्ही तिघं वाट बघत उभे. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जपून, हलक्या हातानं चार्जर काढला. तोच आवाज, पण हळू, जवळचा, कानात सांगितल्यासारखा:

"आई, बॅटरी संपत आलीय. बाबांना सांगत बसू नकोस, तूच लाव."

ताई खोकण्याचं निमित्त करून मागं वळल्या. मी छाती पुढं काढली. इतक्या लांब गेलेल्या मुलीचा गैरसमज दूर करायला हीच वेळ होती. मी चार्जर उचलला आणि नव्याकोऱ्या भोकात मोठ्या रुबाबात खुपसायला गेलो.

"अहो," बायको माझ्या हातावर चापट मारत म्हणाली, "उलटा धरलाय. द्या इकडं."